आवडाबाई गरम पाण्याला जातात

आमच्या गल्लीत पाणी कधी येणार हे दोनच माणसांना आधी कळतं. एक बन्सी, जो कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह फिरवतो. आणि दुसऱ्या आवडाबाई, ज्यांना बन्सी आदल्या दिवशी फोन करतो. बाकी आम्ही सगळ्या शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या, तोंडानं तिखट बाया आवडाबाईंच्या आवाजाकडं कान लावून बसतो. मोबाइलवर गल्लीचा ग्रुप आहे. त्यावर त्यांचा बोललेला निरोप येतो, कारण टाइप करत बसायला त्यांना वेळ नाही. "आवडाबाई बोलते. उद्या पाणी, दहाला." एवढंच. मग कुणाचं धुणं पुढं जातं, कुणाचे पाहुणे मागं जातात, आणि कुणाच्या ऑफिसात पोट बिघडल्याचा फोन जातो.

बाहेरगावचा माणूस हे ऐकून हसतो. भर शहरात, क्रांती चौकाच्या इतक्या जवळ राहता आणि आठवड्यातून एकदा पाणी? म्हणतो. एकदा कुठलं, कधीकधी दहा दिवसही जातात. आम्हाला आता त्याचा राग येत नाही. राग येतो तो चुकलेल्या पाण्याचा. पाणी येऊन गेलं आणि घरात कुणी नव्हतं, याहून मोठं संकट आमच्या गल्लीला ठाऊक नाही.

आणि आवडाबाईंमुळं ते आजवर कुणावर आलेलं नव्हतं. पाण्याच्या दिवशी निम्म्या गल्लीच्या किल्ल्या त्यांच्याकडं असतात. मी शाळेत, श्रेया तिच्या कंपनीत, आशाबाई दवाखान्यात. पाणी सुटलं की आवडाबाई पदर खोचून निघतात. माझ्या नळाला पाइप लावायचा, तो हौदात सोडायचा, हौद भरतोय तोवर श्रेयाच्या फाटकाचं कुलूप काढायचं, कारण तिची सासू अंथरुणावरून उठत नाही, तिथून आशाबाईंकडं. साठी उलटलेली, अंगानं भारी, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण त्या दिवशी त्यांना बघावं. पाचोडला सख्ख्या भाच्याचं लग्न होतं, तर हळद लावून पहाटेच्या एसटीनं परत आल्या, कारण पाणी होतं. अक्षता टाकायला थांबल्या नाहीत. मी त्यांना म्हणाले होते, "आवडाबाई, तुम्ही मेलात तरी पाण्याचा दिवस बघून मराल." त्यावर त्या म्हणाल्या, "मग काय? धुवायला पाणी नको व्हय?"

त्यांचे मालक नानासाहेब पाचोडजवळ मोसंबीच्या बागेत असतात, रविवारी येतात, सोमवारी जातात. मुलगा सुदर्शन पुण्याला. म्हणजे घरात एकट्याच. आणि एकटी बाई घरात असली की गल्ली तिला मोकळी समजते. मीही समजत होते. उगाच कशाला खोटं बोलू.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून नजमुन्निसा राहतात, आमच्या सगळ्यांच्या नजमाआपा. आपांचं घर चढावर आहे. तिथं नळाला करंगळीएवढी धार येते, आणि हौद नाही. म्हणून आवडाबाई आपला हौद भरला की मोटार लावतात, भिंतीवरून पाइप टाकतात आणि आपांचे ड्रम भरून देतात. मोटारीचं बटण आवडाबाईंच्या घरात. हे किती वर्षं चाललंय हे त्या दोघींनाही सांगता यायचं नाही. पाइप टाकताना दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकींवर ओरडत असतात, इतकं की नवीन भाडेकरूला वाटतं भांडण लागलं.

गरम पाण्याचं खूळ माझ्याच डोक्यातलं. खुलताबादच्या पुढं डोंगरात एक नवीन जागा झाली आहे. लहानमोठी गरम पाण्याची कुंडं, वाफेची खोली, मालिश, झोपायला आरामखुर्च्या, वर जेवण. सकाळी जायचं, दिवसभर डुंबायचं, संध्याकाळी परत. पाणी जमिनीतूनच गरम येतं असं तिथले लोक सांगतात. मी नंतर मागच्या बाजूला एक भलाथोरला बॉयलर बघितला, पण ते असो. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस गल्लीतल्या बायकांनी जावं असं मी काढलं. आशाबाई निवृत्त नर्स, आता खासगी दवाखान्यात जातात. त्या म्हणाल्या, "आवडाबाईच्या गुडघ्याला गरम पाण्यासारखं औषध नाही." झालं. सरकारी शिक्का बसल्यासारखं झालं.

माझ्या ओट्यावर बसून मी आवडाबाईंना मोबाइलवर फोटो दाखवला. एक बाई गळ्यापर्यंत पाण्यात, डोकं काठाला टेकलेलं, डोळे मिटलेले. आवडाबाईंनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हिला कुणी हाक मारत नाय का?" त्यांनी विचारलं.

"तिथं कोण हाक मारणार?"

"व्हय की," त्या म्हणाल्या, आणि फोटो परत बघायला लागल्या.

तेव्हाच मला कळायला हवं होतं की या बाईला हे किती हवं आहे. मी शाळामास्तरीण, मला वाटलं गुडघ्यांचं चाललंय.

बेत करायला बसलो तर पहिला प्रश्न अर्थातच पाण्याचा. म्हणजे आमच्या पाण्याचा. पुढचं पाणी हिशेबानं शुक्रवारी होतं. पाणी पुढं ढकललं जातं, पण आधी येत नाही, हा आमच्या गल्लीचा अनुभव. म्हणून बुधवार ठरवला. श्रेयानं रजा टाकली, क्रूझर गाडी सांगितली. आशाबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करायचं कबूल केलं. श्रेया म्हणाली, "काकू, तिथं बाहेरचं खायला चालत नाही." आशाबाई म्हणाल्या, "पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळून नेते. बघू कोण उघडतं ते."

दुसरा प्रश्न आवडाबाईंचा. नानासाहेबांना काय सांगायचं?

"सांगा की आराम करायला चाललेय," श्रेया म्हणाली.

आवडाबाईंनी तिच्याकडं अशी नजर टाकली, जणू पोरगी काही वावगंच बोलली होती. "आराम करायला? दिवसभर? ते तिकडं बागेत उन्हात, आन मी इकडं पाण्यात लोळते म्हणून सांगू? नगं बाई. भद्रा मारुतीला चालले म्हणते."

आणि खरंच तसं सांगितलं. नानासाहेब म्हणाले, जा की, माझ्याही नावानं नारळ फोड. देवाला जाते म्हटलं की आमच्याकडं बाईला कुणी अडवत नाही, चार दिवस गेली तरी नाही. आराम करायला जाते असं सांगायची सोयच नाही. खोटं बोलल्याचं आवडाबाईंच्या जिवाला लागलं होतं. दोन दिवसांनी मला येऊन म्हणाल्या, "बाई, जाताना मारुतीला थांबायचंच हां. म्हंजे खोटं न्हाय होणार." मी कपाळावर हात मारला, पण थांबू म्हणाले.

मग त्यांनी नजमाआपांना बरोबर चल म्हणून आग्रह केला. आपांची सून युसरा, मुलगा याह्याची बायको, बाळंतीण होती, पहिलटकरीण. तिचा चिल्ला संपत आला होता. चिल्ला म्हणजे बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस. ते भरले की बाळंतिणीचं मोठं नहाण, घर धुणं, गोधड्या-चादरी-दुपटी सगळं धुऊन काढणं. आपांनी हिशेब लावला होता की शुक्रवारी पाणी आलं की शनिवारी नहाण. "मी कशी येऊ गं?" आपा म्हणाल्या. "याह्याला वाळूजच्या कंपनीत दिवसपाळी. घरात पोरगी एकटी. तू जा. बिनधास्त जा. शुक्रवारी मात्र मोटार चालू करायला हजर राहा, बस."

"आता मी कुठं जाते शुक्रवारी?" आवडाबाई म्हणाल्या.

मंगळवारी संध्याकाळी काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पण इथंच सांगते, नाहीतर पुढचं त्यांचं वागणं कुणाला समजायचं नाही.

त्या केसांना तेल लावत बसल्या होत्या. पिशवी भरून दाराशी ठेवलेली. बन्सीचा फोन आला. "मावशी, गुरुवारपासून लाइनीचं काम निघालंय. म्हणून तुमचं पाणी उद्याच सोडतो. दहाला. सगळ्यांना सांगून टाका."

"व्हय, सांगते," आवडाबाई म्हणाल्या.

आणि सांगितलं नाही.

ग्रुपवर त्या संध्याकाळी त्यांचा एक निरोप आला होता, मी ऐकलाही होता. "आवडाबाई बोलते." एवढंच. पुढं नुसता पंख्याचा आवाज. श्रेयानं खाली हसणारं तोंड टाकलं. मला वाटलं, उद्याच्या आनंदात चुकून बटण दाबलं गेलं असेल. खरं तर त्या बिचाऱ्या तेलकट हातात मोबाइल धरून बसलेल्या होत्या, आणि पुढचे दोन शब्द तोंडातून निघत नव्हते. त्या दोन शब्दांनी बेत मोडणार होता. श्रेयाला परत रजा मिळणार नव्हती, माझी सुट्टी संपणार होती, आणि आवडाबाईंना पक्कं ठाऊक होतं की एकदा मोडलेला बेत बायकांच्या आयुष्यात परत जुळत नाही.

सकाळी त्या गाडीत बसल्या तेव्हा चेहरा पडलेला होता. निघता निघता त्या दोनदा गाडीतून उतरल्या. एकदा आपांच्या फाटकापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. घराची किल्ली आपांना देऊन जावी असं मनात होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण किल्ली दिली असती तर का, हेही सांगावं लागलं असतं. आपा खिडकीतून हात हलवत होत्या. आवडाबाईंनी तो हात बघितला नाही, किंवा बघायचं टाळलं.

"पित्त झालंय का?" मी विचारलं.

"झालंय थोडं," त्या म्हणाल्या.

दौलताबादचा घाट चढताना श्रेया गाणी लावत होती, आशाबाई टॉवेलातल्या दशम्या वाटत होत्या. आवडाबाईंनी दशमीला हात लावला नाही. खुलताबादला भद्रा मारुतीला थांबलो. तिथली मूर्ती आडवी, झोपलेली आहे. मला वाटलं होतं पाच मिनिटं. पण त्या झोपलेल्या मारुतीपुढं या बाईनं जे डोकं टेकलं ते उचलेचनात. मागं माणसं खोळंबली. पुजारी म्हणाला, "मावशी, सरका पुढं." बाहेर आल्यावर डोळे लाल. मी मनात म्हटलं, एका थापेचं केवढं हे ओझं. मला काय माहीत की दोन थापांचं आहे.

तिथं पोहोचल्यावर वेगळीच तऱ्हा. कुंडात साडी चालत नाही. तिथला नायलॉनचा सदरा आणि विजार घालायची. आवडाबाई ते घालून बाहेर आल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्याच राहिल्या. "मागून बघू नका गं कुणी," म्हणाल्या. श्रेयाला हसू आवरेना. कुंडात उतरण्याआधी फवाऱ्याखाली अंघोळ करावी लागते. आवडाबाईंनी नळ सोडला, अंग ओलं केलं, लगेच बंद केला. साबण लावला, परत जरासा सोडला, परत बंद. शेजारच्या फवाऱ्याखाली एक बाई डोळे मिटून नुसतीच उभी होती आणि पाणी धो धो वाहत होतं. आवडाबाई तिच्याजवळ गेल्या आणि तिचाही नळ बंद करून आल्या. ती बाई भांडायलाच उठली. मी मध्ये पडून माफी मागितली.

"बाई, दहा वाजले का?" त्यांनी मला विचारलं.

"कशाला हवंय? मोबाइल लॉकरात आहेत. आज घड्याळ नाही."

"तरी बी."

काउंटरवरच्या घड्याळात बघून आले. दहा वाजून गेले होते. तसं सांगितलं. त्यांनी काठावरच्या कठड्याला घट्ट धरलं आणि खाली बघत राहिल्या. आता मला कळतं की त्या वेळी त्यांना काय दिसत होतं. आमच्या नळांतून सूं आवाज येऊन पाणी सुटलेलं, गल्लीत एक पाइप लागलेला नाही, आणि उंचावर आपा करंगळीएवढ्या धारेखाली कळशी धरून आवडाबाईंच्या बंद फाटकाकडं बघताहेत. मी मात्र त्यांना पायऱ्या उतरायची भीती वाटते असं समजून हात धरला आणि म्हणाले, "उतरा. काही होत नाही."

त्या उतरल्या. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तिथं थांबल्या. मग एकदम खाली बसल्या, गळ्यापर्यंत.

मी खूप माणसांचे चेहरे बघितलेत, वर्गात तोच धंदा आहे. पण एखाद्या चेहऱ्यावरून इतकं काही उतरताना मी बघितलं नाही. कपाळावरच्या आठ्या गेल्या, जबडा सैल झाला, खांदे पाण्यात विरघळल्यासारखे खाली आले. त्यांनी डोकं काठाला टेकलं. थोड्या वेळानं पाय आपोआप वर तरंगले, तर त्या स्वतःच्या पायांकडं बघून हसायला लागल्या. "बाई, बघा, ह्ये दुखत नायत!" मग डोळे मिटले. जेवायला बोलवायला गेले तर म्हणाल्या, "तुम्ही जा, मी हाय इथंच." पोरंटोरं बाजूला उड्या मारत होती, तोंडावर पाणी उडत होतं, त्यांना पत्ता नाही. मला फार बरं वाटलं. उगाच नाही, माझीच कल्पना होती ना. मी श्रेयाला म्हणालेसुद्धा, "बघ, इतक्या वर्षांत पहिल्यांदा या बाईचा जीव खाली बसलाय."

परतीला गाडीत लॉकरातले मोबाइल हातात आले. आवडाबाईंनी आपला बघितला आणि पटकन पिशवीत टाकला.

"कुणाचा फोन होता?" मी विचारलं.

"कुणाचा नाय."

खुलताबादहून गल्लीपर्यंत श्रेया त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. तिला धक्का लागू नये म्हणून त्या ताठ बसून होत्या.

गाडी गल्लीत वळली आणि आशाबाई ओरडल्या, "अगं बाई, नाल्या वाहताहेत!" नाल्या वाहत होत्या, म्हणजे पाणी येऊन गेलं होतं. माझ्या ओट्याखालची जमीन ओली होती. श्रेया उडी मारून उतरली, नळ फिरवला. नुसती हवा. तिच्या हौदात तळाला चार बोटं पाणी, माझ्याकडं तेवढंही नाही. घरी सासू अंथरुणावर, हे श्रेयाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी तिथंच गाडीशेजारी उभी राहून बन्सीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बन्सी, लाज वाटत नाही? पाणी आज सोडलं आणि सांगायला तोंड नव्हतं? आम्ही काय तुझ्या मर्जीवर तहानलेलं राहायचं? उद्याच्या उद्या तुझ्या साहेबाकडं जाते, बघ तू."

बन्सी म्हणाला, "चुकलं बाई. राहूनच गेलं सांगायचं."

"राहून गेलं म्हणे!"

आवडाबाई पुढं आल्या आणि माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. "बन्सी, तू गप. तू कशाला खोटं बोलतो माझ्यापायी?" मग आमच्याकडं वळल्या. "त्यानं काल संध्याकाळीच सांगितलं व्हतं. मला. मीच नाय सांगितलं तुम्हाला."

कुणाला पटकन कळलंच नाही. आशाबाई म्हणाल्या, "विसरलात?"

"विसरले नाय. सांगितलं असतं तर तुम्ही कुणी आला नसता. मला जायचं व्हतं."

श्रेया पिशव्या उचलून घरात गेली. आशाबाई टँकरवाल्याचा नंबर शोधायला लागल्या. बोलले ती मी. "आवडाबाई," मी म्हणाले, "एका दिवसाच्या चैनीसाठी तुम्ही गल्लीला कोरडं ठेवलंत. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." वर्गात पोरांना बोलायची सवय आहे, आवाज तसाच लागला. त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा, जणू मी बरोबर उत्तर सांगितलं होतं. आणि त्या आपांच्या घराकडं निघाल्या. पायरीवर तोल गेला म्हणून मी मागून गेले. राग होताच, पण बाई पडेल असंही वाटत होतं.

आपांच्या अंगणात ड्रम उलटे करून ठेवले होते, तळ कोरडे. एका कोपऱ्यात दोन कळश्या आणि एक बादली भरलेली. दिवसभराची कमाई. आपा पाटावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. आत युसराचं बाळ कुरकुरत होतं.

आवडाबाई उंबऱ्याशीच थांबल्या. "आपा, मला पाणी येणार म्हणून ठाऊक व्हतं."

"ऐकलं मी," आपा म्हणाल्या. "या बाईंचा आवाज काय कमी आहे का." माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. "फोन केला होता तुला. चार-पाच वेळा केला. मला वाटलं, रस्त्यात काही झालं की काय तुम्हा लोकांना. दुपारपर्यंत जिवात जीव नव्हता माझ्या."

मला वाटतं आवडाबाईंना आपांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या खाली बसल्या. "शनिवारचं नहाण कसं करायचं आता?"

"जारचं पाणी आणेल याह्या. गोधड्या राहू दे. पोरगी न्हाली म्हणजे झालं." आपांनी दुपटं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पाणी कसं होतं?"

"आपा..."

"विचारते ना. सांग. कसं होतं?"

मला वाटलं आता आवडाबाई म्हणतील, कसलं पाणी न कसलं काय, सगळं लक्ष इकडंच होतं. मीही तेच म्हणाले असते. कुणीही म्हणालं असतं.

"खोटं नाय बोलणार," आवडाबाई म्हणाल्या. "रस्त्याभर दशमीला हात नाय लावला. मारुतीपुढं नाक घासलं. दहा वाजले तवा वाटलं, पळत सुटावं. पण पाण्यात बसले आन..." त्या थांबल्या. "आन मला तुमची कुणाचीच याद आली नाय, आपा. तुझी नाय, युसराची नाय, त्या लेकराची नाय. ह्यांची नाय, सुदर्शनची नाय. दिसभर नाय आली. लई बरं वाटलं मला. अशी कशी गं मी?"

आणि मग त्या रडायला लागल्या. साठी उलटलेली बाई लहान पोरासारखी तोंड उघडं टाकून रडत होती, आणि मला माझ्या मघाच्या बोलण्याची इतकी शरम वाटली की मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

आपा उठल्या नाहीत, जवळ आल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही. रुसल्या होत्या, आणि त्यांना रुसायचा हक्कही होता. त्या आपल्या कोरड्या ड्रमांकडं बघत राहिल्या.

"दिवसभर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दिसभर."

"कुणाचीच नाही?"

आवडाबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"पुढच्या खेपेला मला घेऊन चल," आपा म्हणाल्या. "आणि त्या दिवशी पाणी येणार असलं, तर मलासुद्धा सांगू नकोस."